बेवारस तुकडा

१

ती डिस्क माझ्याकडे आली ती दुधाच्या रिकाम्या पिशवीतून. पिशवी धुऊन घेतली होती म्हणे. धुतलेल्या पिशवीला आंबूस वास येत नाही, एवढं मला कळतं. मी दोन बोटांनी डिस्क बाहेर काढली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, आणि बोळ्याचा रंग पाहून तो लांबूनच कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"आवाज गेलाय," समोरची बाई म्हणाली.

"चांगल्या डिस्कला आवाज नसतोच. आवाज यायला लागला की समजायचं, ती मरायला टेकली."

"डिस्कचा नाही हो. माझ्या बाबांचा."

मग तिने सगळं सांगितलं. तिचे बाबा शिक्षक होते, आणि घराबाहेरचे सगळे अजून त्यांना सरच म्हणतात. निवृत्त झाल्यावर ते अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचे. पुढे घशाचा कॅन्सर निघाला आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. आता श्वास गळ्याच्या भोकातून आणि बोलणं पाटीवर.

हल्ली एक यंत्र निघालंय. आपण टाइप करायचं आणि यंत्राने बोलायचं. माणसाची जुनी रेकॉर्डिंग असली तर यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सरांची रेकॉर्डिंग मागवली होती आणि ती सगळी या एकाच डिस्कवर होती. द्यायच्या आदल्या दिवशी फोल्डर उघडला तर आत शुकशुकाट. शिवाय डिस्क जोडली की संगणक दरवेळी म्हणायचा, हिच्यात बिघाड आहे, तपासून दुरुस्त करू का?

"रेकॉर्डिंग नसली तर यंत्र बोलतच नाही?"

"बोलतं ना. लिफ्टमधला माणूस मजला सांगतो तसं. बाबांनी ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, 'यापेक्षा मुका बरा.'" तिने डोळे पुसले. "त्यांना तसं नाही ठेवायचं मला."

"बिघाड झाला कसा?"

"डिस्कवरून लॅपटॉपवर कॉपी चालली होती आणि मध्येच वीज गेली. दादा म्हणतो."

लोक मला डिस्कबाई म्हणतात. त्यांना वाटतं, काय स्वच्छ काम, चिखल नाही, वंगण नाही. त्यांना काय ठाऊक! मी लोकांच्या डिस्क उघडते आणि दर खेपेला मोरीच्या जाळीत हात घातल्यासारखं वाटतं. कुणी बायकोचे फोटो भलत्याच नावाने लपवलेले, कुणी मेलेल्या भावाच्या सह्या गिरवून पाहिलेल्या. माणसं खोटं बोलतात याचा मला राग येत नाही, मला किळस येते.

डिस्क तपासणारं टूल मी आधी नेहमी एकाच तंबीने चालवते: नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. त्या दिवशीही तसंच केलं. पडद्यावर ओळी सरकल्या आणि मी मध्येच थांबले.

"तुमच्या घरी ही डिस्क दुरुस्त करून बघितली का कुणी?"

"छे! दादाने सगळ्यांना ताकीद दिली होती, कुणी हात लावू नका म्हणून."

"कुणीतरी लावलाय," मी म्हटलं. "आणि तेही तुमच्या घरात बसूनच."

२

डिस्क म्हणजे नुसते कप्पे, आणि कुठल्या कप्प्यात कुणाचं सामान आहे हे सांगणारी एक अनुक्रमणिका. कधी असं होतं की अनुक्रमणिकेतून सामानाचं नाव गेलेलं असतं, पण कप्पे अजून 'भरलेले' म्हणूनच नोंदलेले असतात. असं बेवारस सामान दिसलं की टूल विचारतं, याची फाईल करून ठेवू का? हो म्हटलं तर ते 'फाउंड' नावाचा फोल्डर करतं, तुकड्याला नाव न देता नुसता आकडा देतं आणि तिथे ठेवून देतं. हा फोल्डर लपलेला असतो. ज्याला ठाऊक आहे तोच शोधून उघडतो.

या डिस्कवर तो फोल्डर होता. आत एकच तुकडा होता, चांगला दांडगा. तुकड्याची सुरुवात खराब झालेली, त्यामुळे तो उघडेना. फोल्डर आपोआप जन्माला येत नाही. कुणीतरी टूल चालवलं होतं, त्याच्या प्रश्नाला 'हो' म्हटलं होतं, आणि आता तोंडात मिठाची गुळणी धरून बसलं होतं.

डिस्कची पूर्ण प्रत काढायला लावली आणि मी सरांच्या घरी गेले. कॉपी अर्धी झाली असेल तर लॅपटॉपवर काहीतरी उरलेलं असायला हवं होतं.

दार सरांच्या मुलाने उघडलं. गुळगुळीत दाढी, परीटघडीचा शर्ट, अत्तराचा एवढा वास की मला शिंक आली.

"या मॅडम, या. तुमचं फार नाव ऐकलंय. बाबांसाठी काय वाटेल ते करू आपण. पाणी आणू?"

पाण्याच्या पेल्यावर साबणाचा पांढरा ओघळ होता. मी पेला तसाच ठेवला.

"सकाळी मीच कॉपी लावली आणि ऑफिसला गेलो," तो सांगायला लागला. "दुपारी जेवायला आलो, पण डिस्ककडे ढुंकून बघितलं नाही. संध्याकाळी येऊन बघतो तर फोल्डर रिकामा. मधल्या वेळात वीज गेली, दुसरं काय! आपलं नशीबच फुटकं."

"नंतर दुरुस्तीचं टूल चालवलंत?"

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

लॅपटॉप बाहेरच्या खोलीत टेबलावर होता. त्याला बॅटरी होती, पण डिस्कला स्वतंत्र प्लग लागायचा आणि तो खाली वायरबोर्डावर बसवलेला होता. मी लॅपटॉप चाळला. सरांच्या आवाजाचं काही नव्हतं, अर्धी फाईलसुद्धा नाही. सरांच्या मुलीच्या लग्नाचा एक लांबलचक व्हिडिओ तेवढा होता.

मग मी आतल्या खोलीत सरांना भेटायला गेले. ताठ बसलेला, उंच माणूस. गळ्यापाशी जाळीची पट्टी. शेजारी कफ ओढायचं यंत्र, आणि त्याच्या काचेच्या बरणीत दिवसभराचं जमलेलं. माझी किळस चेहऱ्यावर दिसली असणार, कारण सरांनी शांतपणे बरणीवर रुमाल टाकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज सांगते, पुढे जे ऐकलं त्याच्यापुढे ती बरणी म्हणजे तीर्थ होतं.

"सर, त्या दिवशी दुपारी तुम्ही घरीच होतात?"

त्यांनी पाटी ओढली आणि फळ्यावर लिहावं तशा टपोऱ्या अक्षरात लिहिलं: वीज गेली नाही.

"नक्की?"

त्यांनी लिहिलेलं पुसलं, कफाच्या यंत्राकडे बोट दाखवलं आणि पुन्हा लिहिलं: वीज गेली की हे बोंबलतं. मी दिवसभर इथेच होतो.

दाराशी पाऊल वाजलं. मुलगा उभा होता, आणि पाटीवर काय लिहिलंय ते वाचायला मान लांब करत होता. सरांनी तळहाताने पाटी पुसून टाकली.

३

सूनबाई स्वयंपाकघरात होती. स्वच्छ पातेलंच पुन्हा घासत होती.

"वीज गेलीच नव्हती," मी म्हटलं.

तिने पातेलं खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. "माझ्यामुळे झालं हो सगळं. मीच पापीण."

"काय केलंत तुम्ही?"

"ह्यांना दुपारी शर्ट बदलून जायचं होतं. हे अंघोळीला गेले आणि म्हणाले, तोवर इस्त्री करून ठेव. वायरबोर्डावर जागा नव्हती, म्हणून मी एक प्लग काढला. तो डिस्कचा होता. मला काय कळतंय त्यातलं! इस्त्री झाल्यावर लगेच परत लावला, इस्त्री उचलून कपाटात ठेवली आणि बाबांचं पातळ जेवण करायला आत आले. संध्याकाळी हे म्हणाले, तू इस्त्रीसाठी प्लग काढलास ना, त्यानेच गेलं सगळं. पण घाबरू नकोस, मी सगळ्यांना वीज गेली म्हणून सांगतो. तू तोंड उघडू नकोस."

"बरेच सांभाळून घेतात तुम्हाला."

"हो ना," ती म्हणाली. "तेव्हापासून मी बाबांच्या नजरेला नजर नाही दिली. ते काही विचारत नाहीत. पाटीवर 'जेवलीस का' लिहितात, आणि मला रडू फुटतं."

"एक सांगते," मी म्हटलं. "तुमच्या प्लगमुळे आवाज गेलेला नाही. पुस्तक वाचताना दिवा गेला म्हणून पानावरची अक्षरं उडत नाहीत. डिस्कवरून कॉपी करणं म्हणजे नुसतं वाचणं. वाचताना प्लग काढला तर कॉपी अर्धी राहते, मूळ सामान जागच्या जागी असतं. अनुक्रमणिका बिघडते ती कुणी तिच्यात काही लिहीत किंवा खोडत असेल तरच."

ती बघतच राहिली. "म्हणजे तेव्हा कुणीतरी…"

"खोडत होतं."

तिचा चेहरा एकदम पडला. तिच्या बोलण्यात एक गोष्ट होती जी मला खडा लागावा तशी लागली होती. पण नुसत्या खड्यावर कुणाला चोर म्हणता येत नाही. मी निघाले.

दुकानात येऊन प्रतीवर काम सुरू केलं. डिस्कवरचे 'रिकामे' कप्पे उघडून बघितले, कारण खोडलेलं सामान बरेचदा तिथे तसंच पडून असतं. सरांच्या आवाजाचा एक अंशही नव्हता. सगळीकडे एकच गोष्ट होती, सरांच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ. तोच, पुन्हा पुन्हा, डिस्क गच्च भरेपर्यंत, आणि नंतर तोही खोडलेला. सरांच्या आवाजावर त्यांच्याच लेकीचं लग्न थापून थापून लिंपलं होतं. हा अपघात नव्हता. कुणीतरी बसून, वाट बघून, पुन्हा पुन्हा केलेलं काम होतं हे. मी उठून हात धुतले.

फक्त एका जागेवर लग्न चढलं नव्हतं, त्या बेवारस तुकड्यावर.

४

तुकडा आवाजाचा असेल तर तो कसा रेकॉर्ड केला होता ते कळल्याशिवाय वाजणार नव्हता. म्हणून सरांचं वाचन ज्याने टिपलं होतं त्या रेकॉर्डिंगवाल्याकडे गेले. त्याच्या खोलीत भिंतीभर अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, पुठ्ठ्यांच्या खळग्यांत धूळ, आणि एका खळग्यातून झुरळाच्या मिशा हलत होत्या. सिगारेटचा शिळा वास तर भिंतीतच मुरलेला. मी उभीच राहिले.

"दुसरी प्रत तुमच्याकडे असणार," मी म्हटलं.

तो नखं कुरतडायला लागला. "होती."

"मग?"

"जागा संपली हो. एका फरसाणवाल्याची जाहिरात करायची होती. म्हटलं, सरांकडे आहेच की एक."

"त्या मुलांची पुस्तकं पुसून फरसाण?"

"चुकलं ना!" तो ओरडला. "आठवडाभर झोप नाही मला."

त्याच्याइतका संशयास्पद माणूस त्या प्रकरणात दुसरा नव्हता. डिस्क त्याच्या हातातली, घरात त्याची ये-जा, आणि आपली चूक झाकायला मूळ डिस्कच नासवणारे मी पाहिलेले आहेत. पण मी 'कुणीतरी डिस्क दुरुस्त करायचं टूल चालवलंय' असं म्हणताच तो पटकन म्हणाला, "मग फाउंड फोल्डर बघितलात का? त्यात काहीतरी राहिलं असेल!"

तिथेच तो सुटला. ज्याला तो फोल्डर माहीत आहे, त्याने बाकी सगळी डिस्क लिंपून तेवढाच तुकडा मागे कशाला ठेवला असता?

"बरं, शेवटचं रेकॉर्डिंग कधी केलंत?"

"ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, सरांच्या घरी. सर म्हणाले, धडा अर्धवट ठेवून जाणार नाही. आणि मी गाढव! धडा संपल्यावर सर त्यांच्या मुलीबरोबर दवाखान्यात भरती व्हायला निघाले, मी बॅग उचलायला खाली गेलो, आणि मशीन चालूच राहिलं. डिस्क बिघडायच्या आदल्या दिवशी चहा पिताना मी त्यांच्या घरात म्हटलंसुद्धा, शेवटच्या फाईलमध्ये मागचे घरातले आवाज आले असतील, वाचा-उपचाराच्या बाई सगळं नीट ऐकतीलच, त्याच कापतील."

"चहाला कोण कोण होतं?"

"सगळेच. सर, मुलगा, सून. सरांची मुलगीही आली होती."

"आणि फाईलींना नावं काय द्यायचात?"

"तारखेने. म्हणजे ही सगळ्यात शेवटी."

मी त्याच्या मशीनवर तुकडा घातला आणि त्याच्या सेटिंग लावून तो वाजवला. आधी खरखर झाली. मग एक भरदार, सावकाश आवाज खोलीत आला. नदी डोंगरातून कशी वाट काढते, याचा धडा होता. वाचणाऱ्याला घाई नव्हती. समोरच्या मुलाला दिसत नाही हे ध्यानात ठेवून तो प्रत्येक शब्द त्याच्या हातात देत होता. रेकॉर्डिंगवाला भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

धडा संपला. खुर्ची सरकली, पावलं दूर गेली, दार लागलं. बराच वेळ पंख्याची घरघर ऐकू येत राहिली.

मग फोनवर बोलणारा दुसराच आवाज आला, आणि मला त्या आवाजाबरोबर अत्तराचाही वास आला.

५

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीत सगळे होते. सरांना मी आधी एकटी भेटले. तुकड्यात काय आहे ते सांगितलं, आणि विचारलं, ऐकवू की इथेच मिटवू? त्यांनी खडू बराच वेळ पाटीवर टेकवून धरला. मग लिहिलं: सर्वांसमोर.

"कॉपी चालू नव्हती," मी सुरुवात केली. "लॅपटॉपवर तिचा मागमूस नाही. वीजही गेली नव्हती. सरांचं यंत्र बोंबललं नाही."

"मग गेली नसेल," मुलगा म्हणाला. "माझा समज झाला असेल."

"त्या दुपारी कुणीतरी सरांचं सगळं वाचन खोडायला लावलं होतं. एकच फाईल खोडली असती तर बोट तिच्याकडे गेलं असतं, म्हणून सगळी. ओळीने खोडत खोडत संगणक शेवटच्या फाईलशी आला. अनुक्रमणिकेतून तिचं नाव गेलं, कप्पे मोकळे व्हायचे बाकी होते, आणि नेमका त्याच वेळी प्लग निघाला."

सूनबाईने मान खाली घातली. मुलाने डाव साधला.

"आता सांगायलाच हवं, मॅडम. मी झाकायला बघत होतो. प्लग हिने काढला, इस्त्रीसाठी. बायको आहे, म्हणून गप्प होतो. पण बाबांपेक्षा कुणी मोठं नाही."

"वहिनी?" त्याच्या बहिणीने वळून बघितलं. सूनबाईने पदर मुठीत आवळला. चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्यात, पण स्वतःच्या बायकोला पुढे ढकलून बोंब मारणारा पहिल्यांदाच समोर बसला होता.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"काय?"

"प्लग निघाला होता ते. यांनी सांगितलं नाही. इस्त्री झाल्यावर प्लग परत लावला, इस्त्री कपाटात गेली. तुम्ही म्हणता, दुपारी डिस्ककडे ढुंकून बघितलं नाही, संध्याकाळी पहिल्यांदा उघडली. संध्याकाळी प्लग जागेवर होता. मग तो मध्ये निघाला होता, आणि तोही इस्त्रीसाठी, हे कोणत्या देवाने येऊन सांगितलं?"

तो अंगावरच्या शर्टाची कडक कॉलर चाचपत राहिला.

"मी सांगते. खोडायला लावून तुम्ही अंघोळीला गेलात. परत आलात तर पडद्यावर डिस्कचा संपर्क तुटल्याचा संदेश, आणि खुर्चीच्या पाठीवर गरम शर्ट. तुम्ही घाबरलात. डिस्क पुन्हा जोडली, ती म्हणाली दुरुस्त करू का. तुम्ही म्हटलं कर. तिने विचारलं, बेवारस तुकडा सापडलाय, ठेवू का. तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, हे मात्र तुम्ही खरं बोललात. न वाचताच 'हो' दाबलंत. मग कुणालाच काही सापडू नये म्हणून बहिणीचं लग्न डिस्कभर ओतलं, आणि तेही खोडलं. खोडता खोडता या वेळी प्लग मुद्दाम ओढलात, बिघाड खरा दिसावा म्हणून. पण जो तुकडा नाहीसा व्हावा म्हणून एवढा खटाटोप, तो टूलने आधीच 'भरलेला' म्हणून राखून ठेवला होता. बाकी सगळ्या कप्प्यांवर लग्न चढलं, त्यावर चढलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

"असं काय आहे त्या तुकड्यात?" बहिणीने विचारलं.

मी सरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली आणि मी कळ दाबली.

पंख्याची घरघर, आणि मग मुलाचा आवाज, हसरा, मोकळा: "हो रे, उद्या कापतायत. अख्खं स्वरयंत्र… नाही, नाही, डॉक्टर म्हणत होते रेडिएशन देऊन बघू, आवाज वाचू शकेल. पण त्याला रोज न्यायचं. आठवडेच्या आठवडे! रोज कोण नेणार? मी डॉक्टरांना सांगितलं, बाबांनाच ऑपरेशन हवंय. आणि बाबांना सांगितलं, दुसरा इलाज नाही… त्यांना काय, मी सांगेन तिथे सही करतात. आणि खरं सांगू का? जन्मभर ऐकून घेतलंय ह्यांचं. जरा शांतता तरी होईल घरात."

मी बंद केलं. त्याच्या बहिणीने तोंडावर हात दाबून धरला होता. सूनबाई उठली, नवऱ्याच्या शेजारची खुर्ची उचलली आणि सासऱ्याजवळ नेऊन ठेवली.

"बाबा, ते मी असंच… थकलो होतो हो," मुलगा म्हणाला. "तुमचा जीव वाचला ना? ऑपरेशनने जीव तर वाचला!"

सरांच्या गळ्याच्या पट्टीतून श्वास घुरघुरत होता. त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि ती मुलाकडे न करता माझ्याकडे केली.

धड्याचा भाग पुरेल?

"वाचा-उपचाराच्या बाईंना विचारलंय," मी म्हटलं. "स्वच्छ आहे, सलग आहे. त्या म्हणतात, तेवढ्यात काम होईल."

"पण बाबा, त्याच फाईलमधून?" मुलगी रडत म्हणाली. "जिच्यात हा असलं बोललाय?"

सरांनी लिहिलं: तेवढीच उरली.

६

यंत्र तयार झालं त्या दिवशी सरांच्या मुलीने मला बोलावलं. मी अशा ठिकाणी जात नाही. लोक रडतात, गळ्यात पडतात आणि आपल्या खांद्यावर नाक पुसतात. पण गेले.

सर आता मुलीकडे राहत होते. सूनबाई रोज येऊन कफाचं यंत्र स्वच्छ करून जायची. ते कसं करायचं ते मलाही दाखवत होती आणि मी चक्क बघत होते. मुलालाही बोलावणं होतं. तो दाराजवळच्या खुर्चीवर अवघडून बसला होता. त्या दिवशी अत्तर नव्हतं.

वाचा-उपचाराच्या बाईंनी यंत्र सरांच्या मांडीवर ठेवलं. "काहीही लिहा सर. स्वतःचं नाव लिहा, धड्यातली ओळ लिहा."

सर एका बोटाने टाइप करत होते. मध्ये थांबले, काहीतरी खोडलं आणि पुन्हा लिहिलं. शिक्षकच ते, चुकीचं वाक्य पुढे कसं जाऊ देतील! मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाचायला वाकली आणि तशीच मागे सरली. मग त्यांनी मान वर केली, दाराजवळच्या खुर्चीकडे बघितलं आणि कळ दाबली.

खोलीत तोच आवाज आला. भरदार, सावकाश, प्रत्येक शब्द समोरच्याच्या हातात देणारा. रागाचा त्यात लवलेश नव्हता.

"रोज कोण नेणार, हे मला विचारायचं होतंस. मी बसने गेलो असतो."